मातीचा सामू

सेलवासजवळ राखोलीला आमच्या चाळीमागे जे काही होतं, त्याला माती म्हणणं म्हणजे मातीचा अपमान. भट्टीतली राख, विटांचे तुकडे, वर मुरमाचा भराव. कारखाने तेव्हा धडाधड उभे राहत होते. वडिलांना त्यातल्या एकात काम मिळालं, म्हणून आम्ही धुळ्याकडून इथे आलो. येताना आईने पावडरच्या डब्यात माहेरच्या भरताच्या वांग्याचं बी आणलं, कीड लागू नये म्हणून राखेत घोळवून. माहेरी तोवर सगळे दुकानातलं बी लावू लागले होते. ते वांगं उरलं होतं फक्त त्या डब्यात. एक फळ झाडावर पिकलं असतं तरी पुन्हा बी धरता आलं असतं. तिचं मागणं तेवढंच.

दर पावसाळ्यात ती चिमूटभर बी टाकायची. रोपं यायची, चार पानांवर पिवळी पडायची, माना टाकायची. वडील म्हणायचे, "अगं, बाजारात ढिगाने वांगी मिळतात." मग त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं बंद.

सातवीत मला मृदेचा धडा आला. शाळेत माती नसते हो, मृदा असते! आमचे विज्ञानाचे सर कोकणातले, हौशी. सगळ्यांना घरची माती आणायला लावली. माझी माती पाण्यात ढवळून त्यांनी कागदी पट्टी बुडवली, ती निळीशार झाली. "आईला सांग, सामू फार चढलाय." सामू म्हणजे मातीच्या आंबट-खारेपणाचं माप, हे वर्गात शिकवलं होतं. घरी मी एवढंच सांगितलं, "आई, सामू चढलाय."

आई लाटणं घेऊनच उठली. "कोन शे हाऊ सामू?"

तिचं तरी काय चुकलं? शेजारी गुजरातेत दारूबंदी, आमच्याकडे खुली, त्यामुळे रोज संध्याकाळी कुणीतरी चढलेला आमच्या भिंतीआड उभा असायचाच. तिला वाटलं, त्यातलाच एखादा मेला तिच्या रोपांवर कार्यक्रम उरकतोय! माझी हसून हसून पुरेवाट झाली. पण सामू माणूस नाही, राखेचा खार आहे, हे कळल्यावर तिने लाटणं खाली ठेवलं. माणूस असता तर तिने हाकलला असता.

सरांनीच खानवेलच्या रानातली माती आणायला सुचवलं. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी बसमधून गोणीभर आणली. कंडक्टर म्हणाला, "माटी? सेलवासमां माटी नथी?" वडील म्हणाले, "नाही."

आईने ती मुठीत दाबली. गोळा झाला, बोट लावताच फुटला. "वाफसा," ती म्हणाली. पेरण्याजोगी ओल. किती वर्षांनी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला! फुटक्या बादलीत माती भरून तिने उरलंसुरलं सगळं बी त्यात टाकलं.

काहीच उगवेना. सर म्हणाले, बीसुद्धा म्हातारं होतं, त्याची उगवणशक्ती जाते. मला त्यांचा इतका संताप आला! जणू त्यांनीच ते मारलं होतं.

आणि एका सकाळी बादलीत हिरवं दिसलं. मी किंचाळले, "आई, उगवलं!" ती पिठाच्या हातांनी धावत आली, वाकली, आणि हळूच सरळ झाली.

"टाकळा शे तो," म्हणाली. रानातलं तण. खानवेलच्या मातीतूनच आलेलं.

दुपारी तिने तो डबा घासला, उन्हात वाळवला आणि त्यात मोहरी भरली.