पाण्यातून काढलेला बाळकृष्ण

देवावर मी रागावले होते, हे आधीच लिहून टाकते. संकटात माणसाची श्रद्धा वाढते, असं पुष्कळांनी लिहिलेलं मी वाचलं आहे. माझी वाढली नव्हती, माझा जीव जळून राहिला होता. आमच्या यांच्या मानेवर गाठी आल्या होत्या. रोज संध्याकाळी ताप, सदरा पिळून काढावा इतका घाम, आणि अंग असं उतरलं की उरला इथल्या लोखंडाच्या कारखान्यात तापलेल्या सळया ओढणारा माणूस पाण्याची बादली उचलताना मध्येच थांबायचा. डॉक्टर म्हणाले, लिम्फोमाचा संशय आहे. मी सातवीतून शाळा सोडलेली, वर्ध्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन रायपूरला आलेली. म्हणजे काय, म्हणून विचारलं. "एक तरह का कैंसर. पर पहले रिपोर्ट आने दो," ते म्हणाले. मग गाठीचा तुकडा काढला आणि तपासायला बाहेरगावी पाठवला. रायपूर नुकतंच नव्या छत्तीसगडची राजधानी झालं होतं, जिकडे तिकडे रस्ते खोदलेले, लाल दिव्याच्या गाड्या धूळ उडवत जायच्या, आणि एवढासा तुकडा पाहायला इथे कोणी नव्हतं. मला त्या गाड्यांचाही राग यायचा.

रिपोर्टच्या खिडकीवर एक माणूस बसायचा. मी दिसले की चहाचा कप खाली न ठेवताच म्हणायचा, "कल आना, दीदी." त्याचा तरी काय दोष, पण तेव्हा वाटायचं, तो चहा त्याच्याच अंगावर ओतावा. त्यातच एक दिवस एसटीडीवरून गावी फोन लावला. सासूबाई रडतील, धीर देतील, असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मागच्या साली तुम्ही महालक्ष्म्यांले आले नाही, तवाच मले वाटलं होतं." यांना कारखान्यातून सुट्टी मिळाली नव्हती, हे त्यांना माहीत होतं. मी फोन ठेवला आणि पायीच घरी आले. वाटेत कोणी ओळखीचं भेटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलेच असते.

घरी आले ती थेट देव्हाऱ्यापाशी गेले. आमच्याकडे लग्नात मुलीला माहेरून अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात. माझा बाळकृष्ण अंगठ्याएवढा, पितळेचा, रांगणारा, एका हातात लोण्याचा गोळा. आणि आमच्याकडे मोठं काम अडलं की देव पाण्यात ठेवतात, काम झालं की काढतात. माझ्या आईनंही एकदा ठेवला होता, पण हात जोडून, डोळे पुसत. मी दाणकन ठेवला. स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी भरलं, त्यात त्याला बुडवलं, वर ताटली झाकली आणि म्हटलं, "चांगला रिपोर्ट येईपर्यंत राहा इथंच. वाट पाहणं काय असते, तुलेही समजू दे." त्या दिवसापासून त्याला ना दिवा, ना नैवेद्य. हे खाटेवरून सगळं पाहत होते. म्हणाले, "त्याच्यावर काहून चिडतेस? माझ्यावर चीड ना. गाठ तर माह्या मानेत आहे."

थंडीचे दिवस होते. मी हॉस्पिटलात गेले की शेजारची बिसाहिन दाई यांच्याजवळ येऊन बसायची. छत्तीसगडी म्हातारी, घरी एकटीच. तिकडे आईला दाई म्हणतात. तिचं बोलणं मला अर्धं कळायचं, माझं तिला त्याहून कमी. एक दिवस खिडकीवर पुन्हा तेच ऐकून मी घरी आले, तर चुलीवर भाताची पेज शिजत होती आणि पेजेला लागला म्हणून गंज रिकामा केलेला. देव्हाऱ्यात पाहिलं, तिथे नाही. दाईनं खाटेकडे बोट केलं. यांच्या उशाशी, गोधडीच्या आत, तिच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेला बाळकृष्ण झोपवला होता. फक्त तोंड उघडं.

"अतका जाड म लइका ला पानी म काबर राखे हस, नोनी?" ती मला विचारत होती. एवढ्या थंडीत लेकराला पाण्यात काहून ठेवलंस, पोरी?

मी तिच्यावर ओरडले. किती ओरडले, ते आता आठवलं तरी लाज वाटते. "किसको पूछ के निकाला? अब रिपोर्ट खराब आया तो? तुम भरोगी?" माझ्या मनात एकच होतं, की काम व्हायच्या आधी देव बाहेर निघाला, आता यांचं काही खरं नाही. दाई घाबरली नाही, उलटून बोलली नाही. "हव, गलती होगे," एवढंच म्हणाली आणि पेज ढवळायला लागली. थोड्या वेळानं मागे न पाहताच तिनं विचारलं, "तैं खाए हस?"

मी जेवले नव्हते. आदल्या दिवशीही धड जेवले नव्हते, आणि ते मला कोणी विचारलं नव्हतं. मी चुलीपाशी जाऊन बसले. तेवढ्यात हे म्हणाले, "मी घामानं ओला, हा पाण्यानं ओला. या दाईनं आज दोघांलेही कोरडं केलं. आता पुन्हा भिजवू नको वो त्याले. मले सोबत झाली." तेव्हा माझं लक्ष गेलं, यांच्या अंगावर धुतलेला सदरा होता. तोही तिनंच बदलला होता. मी हसले, की रडले, सांगता येत नाही. दाईनं पेजेची वाटी माझ्या हातात दिली आणि मी ती प्याले.

गंज धुऊन ठेवला. पुन्हा पाणी भरायला हात उठला नाही. त्या संध्याकाळी दिवा लावून त्याला म्हटलं, "जे यायचं ते येऊ दे. तू आपला कोरडा राहा." राग गेला नव्हता, पण तो धरून ठेवायची ताकद संपली होती. किती दिवसांनी मला झोप लागली.

रिपोर्ट काही दिवसांनी आला. खिडकीतल्या माणसानं या खेपेस कप खाली ठेवला. डॉक्टर कागद वाचून म्हणाले, "लिम्फोमा नहीं है. गांठों की टीबी है. दवाई लंबी चलेगी." मी त्यांच्या पाया पडले. टीबी ऐकून पाया पडणारी बाई त्यांनी पाहिली नसावी. औषधं चालली, उलट्या झाल्या, पगार बुडाला, आणि हे बरे झाले.

तो तुकडा तर देवाला पाण्यात ठेवायच्या आधीच काढून पाठवला होता. त्यात जे होतं ते होतंच. म्हणून देवानं रिपोर्ट बदलला, असं मी म्हणत नाही. कागदावर दुसरं काही आलं असतं तर मी काय केलं असतं, तेही मला माहीत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की मी ज्याला शिक्षा देत होते त्याला एका म्हातारीनं लेकरू म्हणून उचललं, पुसलं, आणि त्याच हातानं माझ्या माणसालाही पुसलं. मी त्याच्याकडे चांगला रिपोर्ट मागत होते. त्यानं आधी दाई पाठवली.

अजूनही कधी त्याच्यावर रागावते. बोलून घेते, चांगलं तोंड सोडून बोलते. मग रात्री त्याला दाईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळते आणि थंडी असली तर वरून आणखी एक घडी घालते.