फ्रेममधलं शेत आणि तात्यांचे पाय

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. बुवाबाजीविरुद्ध पत्रकं लिहिते, गावोगाव वाटते, चमत्कारवाल्यांना भर सभेत प्रश्न विचारते. त्यामुळे हे लिहिताना मलाच माझा राग येतोय.

मखमलाबादला आमची फुलशेती होती. तिथे आता प्लॉट पडलेत आणि आम्ही पंचवटीत, चौथ्या मजल्यावर. अर्धांगाचा झटका आल्यापासून तात्या — माझे वडील — अंथरुणावरच. बोलणं बंद, जेवण जवळजवळ सुटलेलं. समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत पडून राहायचे. त्या भिंतीसाठी चित्र आणायला म्हणून मी कॉलेज रोडवरच्या एका फ्रेमच्या दुकानात गेले.

दुकानदाराने लगेच पळते सात घोडे काढले. म्हणे, "वास्तूसाठी बेस्ट, मॅडम. पेशंट उठून चालायला लागेल." आजारी माणसाच्या घरच्यांना असं गंडवायचं? तिथल्या तिथे सुनावलं त्याला... आणि कोपऱ्यातली एक प्रिंट उचलली. कुणा परदेशी चित्रकाराचं फुलांचं शेत, मधून पाण्याचा पाट. अस्सल चित्र तिकडच्या म्युझियममध्ये. ही छापील नक्कल — लाकडी फ्रेम, वर काच.

त्याच आठवड्यातली दुपार. मी आणि आई हॉलमध्ये मेथी निवडत होतो. बाहेरच्या दाराला आतून कडी. चहा घेऊन तात्यांच्या खोलीत गेले, तर त्यांचे पाय चादरीबाहेर... घोट्यापर्यंत काळा चिखल. ओला. फरशी मात्र लख्ख.

"झेंडू लय सुकला होता," तात्या म्हणाले. आवाज घोगरा, पण शब्द स्पष्ट. "दारं धरून आलो."

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका वाफ्यात वळवणं. जन्मभर त्यांनी तेच केलं. आणि चित्रातली फुलं झेंडूची नाहीतच, कुठली तरी विलायती आहेत.

मी खोली पालथी घातली. तिला बाल्कनी नाही, घरात एक कुंडी नाही. फ्रेमची काच कोरडी. आई बादली घेऊन आली.

"तू हुडकत बस. मी आधी त्यांचे पाय धुते."

धुता धुता तिने विचारलं, पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं का. तात्यांनी मान हलवली. आणि भाकरी मागितली.

चिखल पुन्हा दिसला नाही. पण तात्या आता जेवतात, थोडंफार बोलतात. शेजारच्या काकू फ्रेमसाठी हार घेऊन आल्या होत्या — दारातूनच परत पाठवलं. चमत्कार वगैरे काही नाही. मला कारण माहीत नाही, एवढंच.

चळवळीतला मित्र म्हणाला, फ्रेम उतरव आणि तात्या बोलायचे थांबतात का बघ, चाचणी अशीच करतात. बरोबर आहे त्याचं. दुसऱ्याच्या घरी मीच हे ठणकावून सांगितलं असतं.

स्टूल भिंतीशी आणून ठेवलंय. मला वर चढवत नाही.