व्याह्यांची प्रतवारी

आमच्या व्याह्यांइतका निःपक्षपाती मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही, आणि इतक्या निःपक्षपाती मनुष्याशी कोणी सोयरीक करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मी वर्ध्याला न्यायालयात नाझर होतो. जप्तीचा माल, सीलबंद पाकिटे आणि किल्ल्या सांभाळण्यात माझी नोकरी गेली. न्यायाधीश मी पुष्कळ पाहिले. त्यांतले बरेचसे चांगले होते. परंतु समोर कोण उभे आहे हे दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसणारा निवाडेकर मी एकच पाहिला, आणि तो कापसाच्या बाजारात नोकरीला होता.

व्याही कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला मूठभर कापूस घ्यावा, चिमटीत धरून ओढावा, धाग्याची लांबी, ओलावा आणि कचरा पाहावा आणि मालाची प्रत सांगावी, हे ग्रेडरचे काम. इतर ग्रेडर ते करताना गाडीवाल्याशी बोलत, चहा घेत, कोण कोणाचा जावई याची चौकशी करीत. व्याही भिंतीकडे तोंड करून बसत आणि हात तेवढा मागे करीत. हमाल त्या हातात कापूस ठेवी. एकदा दिवाळीच्या तोंडावर त्या हातात विहीणबाईंच्या सख्ख्या भावाचा कापूस आला. व्याह्यांनी शेवटची प्रत सांगितली. मग मागे वळले, मेहुण्याला पाहिले आणि म्हणाले, "राम राम. किडका कापूस लय हाय तुमचा." त्या वर्षी विहीणबाई भाऊबीजेला माहेरी गेल्या, त्या तुळशीचे लग्न लागून गेले तरी परतल्या नाहीत. व्याही स्वतः आणायला गेले. सासुरवाडीला त्यांना जेवायला वाढले तेव्हा त्यांनी वरण दुसऱ्या प्रतीचे असल्याचे सांगितले.

नोकरी सुटली, तरी हा हात सुटला नाही. लग्नात, सभेत, दुखवट्याच्या बैठकीतसुद्धा शेजाऱ्याच्या सदऱ्याचे टोक ते नकळत चिमटीत घेतात. सेवाग्रामच्या बाजूला एका समारंभात त्यांनी प्रमुख पाहुण्यांच्या बाहीला असा हात लावला होता. पाहुणे खादीवर तासभर बोलून खाली बसत होते. व्याही त्यांना हळूच, पण ध्वनिवर्धकाला ऐकू जाईल इतक्या जवळून, म्हणाले, "खादी हाय साहेब, पण निम्मीच. निम्मं टेरिकॉट हाय." माझी मुलगी पाहायला आले तेव्हा तर त्यांनी आमच्या घराचीच प्रतवारी केली. चहा दुसऱ्या प्रतीचा, पडदे तिसऱ्या, पोहे प्रत देण्याजोगे नाहीत. "पण पोरगी एक नंबर हाय, नाझरसाहेब," ते म्हणाले. मुलीचे लग्न जमले. पोहे माझ्या पत्नीने केले होते. तिने ती गोष्ट अद्याप मिटवलेली नाही.

न्यायाला धरून सांगितले पाहिजे की स्वतःलाही त्यांनी कधी सवलत दिली नाही. एकच कापूस दोन वेगवेगळ्या वेळी, न सांगता, आपल्या हातात ठेवण्याचा हुकूम त्यांनी हमालाला देऊन ठेवला होता. दोन्ही वेळा प्रत एकच आली पाहिजे. "ज्याचा हात एका मालाले दोन वेळा दोन प्रती सांगते, त्यानं हात धुवावे अन् घरी जावं," हा त्यांचा नियम. एका तरुण ग्रेडरला त्यांनी याच नियमाने वजनकाट्यावर धाडले. त्यांचा स्वतःचा हात सबंध नोकरीत एकदाही चुकला नाही. हमालांनी प्रयत्न पुष्कळ केले.

त्यांचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझा जावई. तो नाशिकला द्राक्षांच्या कंपनीत आहे, असे लग्न जमवताना मला सांगण्यात आले होते. ते खोटे नव्हते. कंपनी त्या द्राक्षांचे पुढे काय करते, हे मला पहिल्या दिवाळसणाला कळले. आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. मी आयुष्यभर पकडलेल्या बाटल्या मोजून कपाटात ठेवल्या आणि एकीचेही बूच काढले नाही. व्याह्यांनी मुलाच्या धंद्याविषयी बारा वर्षांत चांगला वा वाईट एकही शब्द काढला नव्हता. "मी पाह्यला नाई तो माल. मी कसा बोलू?" एवढेच म्हणत.

मग जावयाने स्वतःच्या हिमतीवर कॅबरने जातीच्या काळ्या द्राक्षांची वाइन केली आणि बाटलीवर घराण्याचे आडनाव घालायची परवानगी वडिलांकडे मागितली. पत्नीच्या आग्रहावरून मीही दोन शब्द टाकले. व्याही म्हणाले, "नाव माह्या बापाचं हाय. माल पाह्यल्याशिवाय देता येत नाई." अट त्यांनीच घातली. एकाच जातीच्या, एकाच हंगामाच्या सहा उत्तम वाइन आणाव्या. पाच दुसऱ्यांच्या, एक मुलाची. सगळ्या झाकून ठेवाव्या. मुलाची पहिल्या तिनात आली तर नाव लावावे, नाही तर नाही. आणि सहांपैकी एक माल गुपचूप दोनदा ठेवावा, म्हणजे एकूण सात नंबर व्हावे. "माह्या हाताची परीक्षा झाली पाह्यजे. सील तुम्ही लावजा, नाझरसाहेब. तुम्ही पीत नाई अन् हसतही नाई."

नदी ओलांडली की जिल्हा बदलतो. पलीकडच्या तीरावर व्याह्यांच्या एका स्नेह्याची, आम्ही त्यांना शेठजी म्हणतो, बंद पडलेली जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, आहे. तिथे कापूस पारखायची जुनी खोली आहे, उत्तरेच्या मोठ्या खिडकीची. पारख उत्तरेच्या उजेडात, सकाळी दहा ते बारा याच वेळात होते, असे व्याह्यांचे म्हणणे. जावई नाशिकहून, बाटल्या आमच्या जिल्ह्यात न आणता, थेट तिथे आला. परीक्षक चार ठरले: व्याही, शेठजी, वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, आणि जावई स्वतः. त्यालाही नंबर माहीत नव्हते, म्हणून माझी हरकत नव्हती. प्रत्येकाला मी एका दिवसाचा पिण्याचा परवाना काढायला लावला. विहीणबाई ज्वारीची भाकर घेऊन आल्या होत्या. त्यांनी परवान्याला हात लावला नाही, म्हणून त्यांना फक्त वास घेण्याची मुभा मी दिली. वासाला परवाना लागत नाही.

जीभ स्वच्छ राहावी म्हणून व्याह्यांनी सर्वांना तीन दिवस आधीपासून तिखट आणि तंबाखू वर्ज्य केले होते. शेठजी दिवसाला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या आठ पुड्या खातात. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुनीमाला कामावरून काढले आणि संध्याकाळी परत घेतले. जावयाने नाशिकहून नाजूक पेले आणले होते. ते व्याह्यांनी खोक्यातून बाहेरच काढू दिले नाहीत. "पेला भारी असला का माल भारी वाटते." समोरच्या टपरीवरून चहाचे अठ्ठावीस ग्लास मागवले गेले.

शेजारच्या खोलीत मी कडी लावून काम केले. कोणता माल दोनदा ठेवायचा याची चिठ्ठी काढली. जावयाचा निघाला. बुचे काढायला पाऊण तास लागला. एक बूच आत पडले, ती बाटली बाद करून जोडीची घेतली. सात बाटल्यांवर मांजरपाट गुंडाळला, गळ्याशी लाखेची सीले केली, नंबर घातले आणि नंबरांची यादी पाकिटात बंद केली. दोन आणि सहा हे नंबर एकच होते. हे मला आणि भिंतींना माहीत होते.

व्याही खिडकीकडे तोंड करून बसले. हात मागे केला. मी त्यात ग्लास ठेवला. पहिल्या घोटाला त्यांनी डोळे मिटले, तोंडात माल फिरवला आणि बादलीत थुंकले. "ओलावा जास्त." दुसऱ्याला बराच वेळ थांबले. "धागा लांब हाय. तुटत नाई." जावयाने मान खाली घालून काही लिहिले. तिसऱ्याला, "रंगवलेला माल." शेठजी थुंकायला तयार नव्हते. "थूकने के लिए इतनी दूर से मंगवाया क्या?" असे म्हणून ते प्रत्येक ग्लास रिकामा करीत आणि भाकरीचा तुकडा मोडीत. प्राध्यापकांना चौथ्या नंबरात करवंद आणि ओली माती सापडली. पाचव्यावर ते थबकले आणि म्हणाले, "यात किंचित तंबाखूचा गंध आहे."

"कुठं? कोणत्यात?" शेठजी उठून उभे राहिले. त्यानंतर पाचवा नंबर त्यांनी कोणालाही दिला नाही.

विहीणबाईंनी सातही ग्लासांवरून नाक फिरवले. "सारेच नासले," त्या म्हणाल्या. "इतके दिवस ठेवल्यावर काय होईन दुसरं?"

सहावा ग्लास व्याह्यांनी लवकर परत केला. "कच्चा," एवढेच बोलले. बाराच्या आत सर्वांनी आपापले कागद घडी करून माझ्या हाती दिले. शेजारच्या खोलीत जाऊन मी पाकीट फोडले, व्याह्यांचा कागद उघडला आणि यादीशी ताडून पाहिला. दोन नंबर: दुसरा. सहा नंबर: सहावा. एकाच वाइनला त्यांनी उत्तीर्णही केले होते आणि नापासही. यादी माझ्याच अक्षरात होती. दुसरी लिहायला अर्धे मिनिट पुरले असते, जावयाच्या बाटलीवर नाव लागले असते आणि म्हाताऱ्याचा हात शाबूत राहिला असता. हे माझ्या मनात आले, हे नाकारत नाही. बाहेर येऊन मी यादी आणि व्याह्यांचा कागद, दोन्ही होते तसे वाचले.

मग सगळे एकदम बोलू लागले. शेठजी म्हणाले, "बाटलीतच फरक असन भाऊ, होते असं." प्राध्यापक म्हणाले, आधीचा घोट तुरट असला की पुढच्याची चव बिघडते, याला शास्त्रीय आधार आहे. विहीणबाई पदर सावरत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पह्यल्यांदा चुकले हे. पेढे वाटा कोणीतरी." पण बोलता बोलता त्या उठल्या आणि व्याह्यांच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

व्याही आपल्या उजव्या हाताकडे पाहत होते. "माल तोच हाय, नाझरसाहेबाचं सील हाय," ते म्हणाले. "हात बदलला." मग मुलाकडे न पाहता म्हणाले, "मले आता सांगता येत नाई बाप्पा. तुहा कागद कुठं हाय?"

जावयाचा कागद माझ्या खिशातच होता. मी वाचला. दोन नंबर: चौथा. सहा नंबर: पाचवा. लागोपाठ.

"वळखला होता का तुनं तुहा माल?" व्याह्यांनी विचारले.

"वळखला होता, बाबा. दोन्ही वेळा."

"मंग खाली काऊन टाकला?"

"तिथंच होता तो."

व्याह्यांनी बाहेर पाहिले. खिडकीतून जिनिंगचे रिकामे आवार दिसत होते. मग त्यांनी विचारले, आणि इतकी वर्षे त्यांना ओळखूनही त्यांच्या तोंडी प्रश्नाचा असा सूर मी ऐकला नव्हता, "मंग नावाचं कसं करतं?"

"यंदा नाई लावत," जावई म्हणाला. "पुढच्या हंगामाचा माल याच्याहून चांगला हाय. त्याच्यावर पाहू."

व्याह्यांनी मान हलवली. मुलाच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली आणि काहीही न सांगता सोडून दिली. "नाझरसाहेब," ते मला म्हणाले, "आता घरचा ग्रेडर हा." शेठजींनी त्याच क्षणी खिशातून पुडी काढली. कोणी आक्षेप घेतला नाही. परत येताना पुलावर गाडीत विहीणबाई एकट्याच बोलत होत्या, आणि त्याही टपरीवाल्याच्या ग्लासांविषयी.

त्यानंतर व्याही प्रत सांगत नाहीत. बाजारात जुने व्यापारी अजून कापूस पुढे करतात. व्याही तो हातात घेतात, चांगला आहे म्हणतात आणि परत देतात. चांगला ही प्रत नाही, हे व्यापाऱ्यांनाही कळते. मध्यंतरी व्याही आमच्याकडे चार दिवस राहून गेले. पत्नीने मुद्दाम पोहे केले. त्यांनी दोनदा मागून घेतले आणि काहीच बोलले नाहीत. ती दिवसभर अस्वस्थ होती.

पुढच्या हंगामाची वाइन आता पिंपात आहे. ती बाटलीत भरण्याजोगी व्हायला अजून दीड वर्ष लागेल, असे जावई फोनवर सांगतो. हे ऐकल्यापासून व्याही पहाटे उठून अल्लीपूरच्या रस्त्याने दोन मैल चालू लागले आहेत. डॉक्टर सांगून थकले होते, तेव्हा ते कधी चालले नव्हते. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे मुक्कामाला होतो, तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना फाटकातून बाहेर पडताना पाहिले. काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी बूट घालून मीही निघालो.