फळीवरची टिचकी

वेंगुर्ल्याच्या बंदरात मी पडावात बसले तेव्हा माझ्या मांडीवर चांगला बाळसेदार फणस होता. कुंदे, तुला आठवतंय का? तू परकराचं टोक चघळत बाबांच्या मागे उभी होतीस. बोट लांब खोल पाण्यात उभी, आणि तिच्यापर्यंत न्यायला आलेला पडाव असा हलत होता की इतर नवऱ्या नवऱ्याचा हात धरत होत्या आणि मी फणसाचा. बाबा किनाऱ्यावरून ओरडत होते, "हो फणस थंयच्या लोकांका दी गो!" आई पाण्यात गुडघाभर आली होती. ती ओरडली नाही. पडावाची कड धरून हळूच म्हणाली, "थंय गेल्यार इचारल्याशिवाय तोंड उघडू नको."

मग कड तिच्या हातातून सुटली.

बोटीवर आमचे हे माझ्यापासून हातभर लांब बसले होते. तीन वर्षं ठाण्यात राहून आलेला माणूस, अंगात कोट, आणि शेजारी फणसवाली बायको. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "पिकलाय का तो?" मी फणसावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हटलं, "परवा." परवा ठाण्यात आम्ही तो फोडला. पिकला होता. लग्नानंतर माझ्याकडून यांना मिळालेली पहिली पक्की बातमी हीच.

तेव्हाच्या त्या मुलीकडे मी आता सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघते आणि मला हसू फुटतं. काय ध्यान होतं! तिला वाटत होतं ठाणं म्हणजे राणीच्या देशाच्या अलीकडचं स्टेशन. नवरा 'म्युझिकच्या लाइनीत' आहे असं स्थळ आणणाऱ्याने सांगितलं होतं, तर ही बया समजली की रोज कानावर गाणी पडतील. प्रत्यक्षात खाडीच्या अंगाला, मिठागरांच्या वाटेवर, पत्र्याची एक शेड होती. पुढे कारखाना, मागे आमची खोली. आणि कानावर पडायचा तो रंधा.

शेड इनास मेस्तांची. मेस्त आमच्याच वेंगुर्ल्याकडचे किरिस्तांव, सुतारांचे सुतार, म्हातारे, एकटे. ते गिटारी करायचे आणि आमचे हे त्यांच्या हाताखाली होते. मी गिटार कधी पाहिली नव्हती. पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं, ही तर कंबर आवळलेली दुधी भोपळ्याची बहीण.

पण त्या शेडमधली दुपार अजून माझ्या डोळ्यांत तरंगते. स्वातंत्र्याला थोडेच दिवस झाले होते. गोरे लोक घरं विकून चालले होते आणि त्यांचे पियानो मोडीत निघत होते. मेस्त त्या पियानोंच्या पोटातली पांढरी फळी आणायचे. हलकी, पापडासारखी, आणि तिच्यावर रेघा अशा बारीक की कुणी केस विंचरून ठेवलेत. ती व्हायची गिटारीची छाती. बाजूच्या पट्ट्या शिसवीच्या. पाण्यात भिजवायच्या, आत निखारे घातलेल्या लोखंडी नळीवर टेकवायच्या आणि हळूहळू, रुसलेल्या माणसाची समजूत घालावी तशा वळवायच्या. घाई केली की कडकन मोडायच्या. वाफ निघायची, लाकडाचा गोड वास यायचा. तिकडे डब्यात सरस वितळत असायचा, त्याचा वास मात्र मेल्याहून मेला. उन्हाच्या तिरिपेत रंध्याची सालं उडायची, इतकी पातळ की त्यांतून खाडीपलीकडचे मिठाचे ढीग दिसावेत. मी ती सालं गोळा करून चूल पेटवायचे. पियानोवर शिजलेला भात खाल्लेली आपल्या घराण्यात मी एकटीच.

तारा जिथे टेकतात तिथे एक पांढरी पट्टी बसवतात. ती हस्तिदंताची असं यांनी मला सांगितलेलं. मी लगेच गावी कळवलं, आमच्याकडे हस्तिदंताचं काम चालतं! पुढे कळलं, ते बैलाचं हाड, आणि तोवर माझ्याच टोपात दोनदा उकळलेलं.

एवढं सगळं असून मला तिथे राहायचं नव्हतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. खारा वारा, खारं पाणी, बोलायला कुणी नाही. हे दिवसभर शुद्ध बोलायचा सराव करत, "अगं, कित्याक नाही म्हणायचं, कशाला म्हणायचं." मी मनातल्या मनात रोज ट्रंक भरत होते. सगळ्यांत वर तुझ्यासाठी बांगड्या.

आणि मग ट्रंक खरीच भरायची वेळ आली.

कल्याणच्या रेल्वे कॉलनीत एक ड्रायव्हरसाहेब होते. तिथल्या नाचात गिटार वाजवायचे. त्यांच्याबरोबर वाजवणाऱ्यांसाठी केलेल्या दोन गिटारी एकामागून एक परत आल्या. साहेबांनी निरोप धाडला, हिच्या पोटात बोळा कोंबलाय का? तिसरी त्यांच्या स्वतःसाठी करायची होती. मेस्त बाकावर बसले आणि यांना म्हणाले, "ही पण परत इली तर शेड बंद. मी वेंगुर्ल्याक जातंय. तुमी पण चला." यांचा चेहरा पडला. आतल्या खोलीत माझा उजळला. देवा, ही गिटारही परत येऊ दे! असा नवस कुठल्या बायकोने बोलला असेल का? मी बोलले. नारळासकट.

त्या आठवड्यात हे तारा आणायला मुंबईला गेले होते. मी मेस्तांना चहा द्यायला पुढे आले. त्यांनी नवी छाती दोन बोटांत लटकती धरली होती. टिचकी मारत होते, कान लावत होते, परत टिचकी. मग मान हलवून त्यांनी फळी खाली ठेवली आणि पॉलिशचा चपडा कुठे आहे ते बघायला लागले. म्हणजे त्यांच्या हिशोबी फळी झाली होती.

आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "कच्चो आसा."

मेस्त वळले. मी पदर तोंडात कोंबला, पण शब्द बाहेर पडून उभा होता.

"काय म्हटलंस गो बाय?"

"नाय… तो आवाज. फणस कच्चो असलो की असो बोलता."

मला वाटलं आता खेकसतील. ते स्टुलावर बसले आणि हसले. "बाय, माका टिचकी ऐकाक येता. तिची शेपटी, मागसून रेंगाळता ती, ऐकाक येणा नाय." मग फळी माझ्यापुढे धरली. "तू ऐक."

कच्चा फणस ठणठण बोलतो, आपलंच खरं करणाऱ्या माणसासारखा. पिकायला आला की त्याचा आवाज खोल जातो, आणि बोट उचललं तरी आत थोडा रेंगाळतो. त्यापुढे गेला की भद्द. हे आपल्याकडे शेंबड्या पोरांनाही कळतं. मला फळीचं काही कळत नव्हतं, मला एवढंच कळत होतं. मेस्त रंधा मारायचे, मग काचेच्या तुकड्याने खरवडायचे, फळी लटकती धरायचे. मी टिचकी मारायचे. "कच्चो." परत खरवड. "कच्चोच." पाठीच्या बाजूने, मधे, कडेने. दुपारचं ऊन सरकत बाकावरून जमिनीवर गेलं. फळी बोलायला लागली होती, आधी पुटपुटत, मग जरा तोंड उघडून.

आणि मग माझ्या लक्षात आलं की सगळं माझ्या हातात आहे. आता गप्प बसायचं, बस्स. मेस्तांना शेपटी ऐकू येत नाही. ते खरवडत राहतील, फळी पिकायच्या पुढे जाईल, गिटार भद्द वाजेल, साहेब ती परत धाडतील, आणि पुढच्या बोटीने मी घरी. मला वेंगुर्ल्याचं बंदर दिसायला लागलं, तू दिसलीस, परकर चघळणारी. मी टिचकी मारली. आवाज खोल गेला आणि थांबला नाही. बोटाच्या टोकातून मनगटात आला. असा पिकलेला आवाज मी आपल्या परसातही ऐकला नव्हता.

मी काही बोलले नाही.

मेस्तांनी मान डोलावली, फळी आडवी ठेवली, काच उचलली. आईने शिकवलेलंच तर करत होते मी, विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हते. काच फळीला टेकली.

"बस!" मी किंचाळले. "आता हात लावू नकात!"

मेस्तांनी काच खाली ठेवली. का, कशाला, तुला काय कळतं, काही नाही. ठेवली. आणि थंड झालेला चहा प्यायले.

कुंदे, मी आत जाऊन चुलीपाशी रडले. धुराचं निमित्त होतं. घर गेलं होतं ना माझं, माझ्याच जिभेने घालवलेलं.

गिटार पुरी झाली. मेस्तांनी लाखेचं पॉलिश कापसाच्या बोळ्याने दिवस दिवस चढवलं, जेमतेम ओलं, फुंकरीसारखं. साहेब स्वतः कल्याणहून आले, खोक्यावर बसले, हॅट गुडघ्यावर. त्यांनी एकच तार छेडली आणि हात उचलला. ती वाजत राहिली. बाहेर मिठागराची माणसं डोकी फिरवून बघायला लागली. साहेब डोळे मिटून बसलेले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "मिस्त्री, धिस वन इज अवेक." यांनी मला नंतर अर्थ सांगितला, "ही जागी आहे, म्हणाले." मग मेस्तांनी यांच्याकडे बघत माझ्याकडे बोट केलं, "ती तुझ्या बायलेन जागी केली." यांचं तोंड असं उघडं राहिलं की त्यात पियानो मावला असता.

शेड बंद झाली नाही. कॉलनीतून, मग ठाकुर्लीहून, आणखी गिटारी मागवल्या गेल्या.

वर्षाने मी पहिल्यांदा माहेरी आले. तू मला सोडत नव्हतीस. मी मात्र चालता चालता कवाडावर, पाटावर, खांबावर टिचक्या मारत होते; खोडच लागलेली. आई म्हणाली, "काय गो, घर पिकला काय ता बघतंस?" सगळे हसले, मीही. बाबा तेव्हा गोठ्याचा नवा खांब उभा करत होते. मी त्यावर बोट मारलं आणि म्हटलं, "बाबा, थांबा. हो आतून पोकळ आसा." बाबा मागे न बघता म्हणाले, "दोन दिसांची पावणी तू. गप ऱ्हव." आणि पहार मारली. रागाने नाही, प्रेमानेच म्हणाले. नेहमीसारखे. खांब त्या पावसात गेला, पण मला त्याचं सुख नाही. त्या क्षणी मी अंगणात उभी होते आणि मला पहिल्यांदा ठाण्याची आठवण आली, सरसाच्या त्या घाणेरड्या वासासकट.

परत गेले तेव्हा बाकावर एक नवी फळी जुन्या धोतराखाली झाकून ठेवलेली. शेजारी रंधा, काच, सगळं मांडून. सगळ्यावर धूळ.

"एवढे दिवस हात का नाही लावलात?" मी विचारलं.

मेस्त स्टुलावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, हे रंध्याचं पातं पुसत होते. शुद्ध बोलायचं विसरून हेच म्हणाले, "लावलंय असतंय. पण थांबाचा खंय, ता कोण सांगतला?"

मेस्त आता नाहीत, हेही नाहीत. शेडच्या जागी टॉवर आहे आणि त्याच्या पार्किंगचा वॉचमन मला तिथे उभं राहू देत नाही. माझ्या मागून गाव सोडून गेलेल्या आपल्याकडच्या पोरी टोरांटोहून फोनवर विचारतात, आजी, तुला घर कुठलं वाटतं? कुंदे, तूही पत्रात हेच विचारतेस, घरी कधी येतेस म्हणून. येईन गं. तुझ्या हातची पेज खायला येईन, चार दिवस पाहुणी म्हणून लाडही करून घेईन. पण घर म्हटलं की मला तो धूळ बसलेला बाक दिसतो, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबलेले दोन पुरुष.