बिनगेअरची गाडी

आशाबाईचा राग नाकावरच असतो, असं सिडकोतले शेजारी म्हणतात. साफ खोटं. तिचा राग पंचवीस वर्षं पोटात होता. नाकापर्यंत यायची वाट त्याला आत्ता कुठं सापडली.

बाई शहरात शिकायला आलेल्या मुलांसाठी घरातच खानावळ चालवते. नवरा काकासाहेब वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. दाराशी पांढरी गाडी, गेअरची, अर्थातच नवऱ्याची. आशाबाईचं माहेर पाचोड, गाडीनं तासाभराची वाट. पण तो तास तिच्या हातात कधीच नव्हता. "पाचोडला न्या ना," म्हटलं की काकासाहेब म्हणायचे, "रविवारी बघू." आणि रविवारी कुणाचं तरी लग्न, कुणाचा तरी साखरपुडा, गेला बाजार दुपारची झोप तरी असायचीच.

वडील गेल्याचा फोन आला तेव्हा ती पिशवी भरून दारात उभी राहिली. काकासाहेब मित्राबरोबर प्लॉट बघायला गेलेले. फोन उचलेनात. वाट बघून बघून शेवटी एसटीनं गेली. गावात उतरली तर माणसं नदीवरून परत निघालेली. बापाचं तोंडसुद्धा दिसलं नाही. संध्याकाळी काकासाहेब गाडीतून उतरले आणि म्हणाले, "फोन सायलेंटवर व्हता." बस्स, एवढंच.

आता आई उरली होती, दगडाबाई. ती पाचोडला धाकट्या मुलाकडं, नानासाहेबाकडं राहायची. निदान तिच्या वेळी तरी कुणाच्या तोंडाकडं बघत दारात उभं राहायचं नाही, असं आशाबाईनं ठरवलं आणि गाडी शिकायचा विषय काढला. डावा गुडघा दुखरा, म्हणून म्हणाली, "बिनगेअरची शिकते. त्यात क्लच नसतो म्हनं."

काकासाहेब जोरात हसले. "आगं, ऑटोमॅटिक म्हंजी पाळणा. बसायचं आन् झुलायचं. तिला का गाडी म्हनत्यात? शिकायची तर गेअरचीच शीक. मी सांगतो सांडूला."

सांडू त्यांच्या ओळखीचा, ड्रायव्हिंग शिकवणारा. काकासाहेबांनी स्वतः जाऊन बोलणं केलं, पैसेही भरले. नवऱ्याला एवढा पुळका कशानं आला, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. पण बाई हुरळली. रोज सकाळी गुडघ्याला तेल चोळून हर्सूलच्या तलावाकडं शिकवणीची गाडी न्यायची. चढावर थांबवायची, पुन्हा काढायची. गाडी एकदाही बंद पडली नाही, एकदाही गचका बसला नाही. सांडू म्हणायचा, "ताई, तुमचा हात लई साफ हाय." खानावळीतल्या पोरांना वाढता वाढता ती हाफ क्लच समजावून सांगायला लागली. पोरं बिचारी भाकरी चावत माना डोलवायची.

एका रविवारी तिनं घरची गाडी मागितली. काकासाहेबांनी मुकाट्यानं किल्ली दिली आणि शेजारी बसले. गाडीनं गचका खाल्ला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. गल्लीच्या तोंडापर्यंत पोचायच्या आधीच गॅलऱ्या माणसांनी भरल्या. मागून दूधवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, आणि काकासाहेब खिडकीबाहेर कोपर काढून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणतायत, "म्हनलं व्हतं ना, बायांचं काम नाय ते."

आशाबाई रडली नाही. तिचं डोकं एकाच गोष्टीपाशी अडलं होतं. तिकडं गुणानं चालणारी गाडी इकडं का अडते? शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात, हे तिला ठाऊक होतं. ते अडीअडचणीला असतात, असं तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्याबसल्या ती म्हणाली, "सांडूभाऊ, पाय वर घ्या."

"आँ?"

"मांडी घाला शिटावर. पंगतीला बसता तसं बसा."

सांडूनं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. तिचा चेहरा पाहिला आणि गुमान मांडी घातली. तिनं गाडी सुरू केली, गेअर टाकला, क्लच सोडला. गचका. बंद. पुन्हा तेच. एवढे दिवस पाय तिचे हलत होते आणि गाडी सांडूच्या पायांनी चालत होती.

"का केलं असं?" तिनं विचारलं.

सांडू मांडी घातलेलाच राहिला. "ताई, साहेबांनी सांगितलं व्हतं. म्हनले, तिची हौस भागू दे, पन लई शिकवू नको. गेअरचीच दे. ऑटोमॅटिक चार दिसात येती, मंग ती घरात ऱ्हायची नाय."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फसवलं म्हणून झालाच. पण त्याहून जास्त झाला तो स्वतःच्या आनंदाची लाज वाटली म्हणून. तेल चोळलेला गुडघा, पोरांना सांगितलेला हाफ क्लच, 'हात साफ' ऐकून फुललेलं तोंड. नवऱ्यानं आणि या माणसानं मिळून तिला खुळखुळा दिला होता, आणि ती तो वाजवत गावभर फिरली होती.

काकासाहेब जेवत होते. तिनं सगळं तोंडावर सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला नाही. "तुझ्याच काळजीनं केलं. हायवेला ट्रक किती असत्यात, ठाव हाय का?"

"काळजी व्हती तर नीट शिकवाय सांगायचं. बापाचं तोंड दिसलं नाय मला तुमच्या पायी. आता आईचं बी दिसू द्यायचं नव्हतं का?"

काकासाहेबांचा घास आता थांबला. "बरं, बरं. सांगतो सांडूला, नीट गेअर शिकीव म्हनून."

जिद्दीच्या गोष्टींतल्या बायका अशा वेळी गेअरच शिकून दाखवतात. आशाबाईला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. ती म्हणाली, "गेअर घाला चुलीत. मला गेअर शिकायचा नव्हता. मला पाचोडला जायचं व्हतं."

तिनं भिशी उचलली आणि जुनी, बिनगेअरची गाडी दारात आणून उभी केली. पांढऱ्या गाडीच्या नाकासमोर. शिकवायला सांडूलाच बोलावलं. या गाडीत त्याच्या पायाशी काहीच नव्हतं. तो जीव मुठीत धरून बसायचा आणि ती ते बघून न बघितल्यासारखं करायची. गाडी खरंच चार दिवसांत हातात आली. नवऱ्याचा अंदाज इतका अचूक निघावा, याचीच तिला जास्त चीड आली.

लायसन्स हातात पडलं तशी पोरांना जेवू घालून ती एकटी निघाली. वाटेतलं आडूळ मागं पडलं तरी खांदे ताठच होते. ट्रक होते, काकासाहेब तेवढं खरं बोलले होते. पाचोडला घरासमोर गाडी थांबली तेव्हा दगडाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. उठून गाडीत वाकून बघायला लागली, पुढं बघितलं, मागं बघितलं.

"जावाई कुठं हायत? कोन घिऊन आलं तुला?"

"कोनी नाय. मीच आले."

म्हातारीचा चेहरा पडला. "इचारून आलीस ना त्यांना?"

जिच्यासाठी एवढं रण माजवलं, तिनंच हे विचारावं! आशाबाईचा आवाज चढला. "नाय इचारलं! आन् हितून फुडं बी इचारनार नाय. पन्नाशी आली माझी. किती दिस इचारू?"

दगडाबाई आत निघून गेली. आईला उगाच दुखावलं, असं वाटून आशाबाई ओट्यावर टेकली. तेवढ्यात म्हातारी बाहेर आली ती धुतलेलं लुगडं नेसून, हातात चपला घेऊन. सरळ पुढच्या सीटवर जाऊन बसली. आशाबाईनंही चाकाशी बसून किल्ली लावली.

"विहामांडव्याला चल. माझ्या बहिनीला बघून लई वर्सं झाली. नानाला म्हनलं की म्हनतो, सुगी होऊ दे." मग तिनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि आवाज खाली आणला. "चल बिगीनं. त्यो मळ्यातून यायच्या आत निघू."

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. आशाबाईचं मस्तक फिरलं. ऐंशीला टेकलेली बाई, स्वतःच्या घरातून, स्वतःच्या बहिणीकडं जायला चोरासारखी निघते!

तिनं किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"आता गं काय झालं?" म्हातारी घाबरली.

"काय नाय. येऊ दे नानाला," आशाबाई म्हणाली. "त्याच्या डोळ्यांदेखत जाऊ."