मॅग्नेटो टेबलावर होते

आधीच सांगतो, मी या अमानवीय वगैरे प्रकारांतला माणूस नाही. कुणी भुताची गोष्ट सुरू केली की "लाइट गेले होते का? किती घेतली होतीस?" असं विचारून रंगाचा बेरंग करणारा मी. धंदाच तसा… विमानाच्या इंजिनात बिघाड असतो किंवा नसतो, तिसरं काही नसतं. निदान तेव्हा असं वाटायचं.

आम्ही म्हैसूरचे, चामराजपुरमचे. पिढ्यान्‌पिढ्या इथेच, घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मंडकळ्ळीच्या धावपट्टीवर मोठी विमानं उतरत नव्हती त्या काळात तिथे एक फ्लाइंग स्कूल होतं – नाव नको – आणि त्यांच्या छोट्या विमानांची देखभाल माझ्याकडे होती. माझी पुतणी वैशाली तिथेच शिकायची. दसऱ्यानंतर तिचं पहिलं सोलो होतं, म्हणजे शेजारी शिक्षक नाही, एकटीनं उड्डाण. मला अभिमान होता आणि भीतीही तेवढीच.

नेमकं तिला मिळणारं विमानच आजारी पडलं. इंजिन आयडलला, म्हणजे नुसतं मंद चालू ठेवलं की, थरथरायचं, मध्येच ठोका चुकायचा. कार्ब्युरेटर पाहिला, हवेची गळती पाहिली, काही नाही. डाव्या मॅग्नेटोवर चालवलं की मात्र आरपीएम भसकन खाली. मॅग्नेटो म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारा डबा. त्याचं टायमिंग हललं की ठिणगी अवेळी पडते आणि इंजिन कुरकुरतं. मी दोन्ही मॅग्नेटो उतरवले, वरच्या रांगेतले प्लग काढून ट्रेमध्ये ठेवले, पेट्रोलचा कॉक बंद केला. नवे पॉइंट बसवून टायमिंग लावायचं तेवढं राहिलं… आणि मध्ये आयुधपूजा आली.

त्या दिवशी आमच्याकडे हत्यार हातात धरत नाहीत. पाने, पक्कड, टायमिंग लाइट, सगळं हँगरच्या मागच्या भिंतीशी टेबलावर मांडून कुंकू लावायचं. आमचा फोरमन नंजुंडय्या याबाबतीत फार कडक. मी उतरवलेले मॅग्नेटोही त्यानं पूजेत मांडले. इंजिन उघडं का असेना, एकही विमान हाराशिवाय राहता कामा नये, हाही त्याचाच हट्ट.

सकाळची वेळ. सगळे कोहळा फोडायला बाहेर गेले होते. आत आम्ही दोघंच. मी टेबलाशी समई लावत होतो आणि वैशाली पार तिकडे, विमानाच्या नाकाशी हार बांधत होती.

एरवी पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, हात लावायचा नाही हे मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. मॅग्नेटोची एक तार तुटलेली असली तर स्विच बंद असतानाही इंजिन फटका देऊ शकतं, आणि त्या फटक्यात माणसाचा हात जातो, डोकंही जातं. पण आज मॅग्नेटोच नव्हते.

"काका, हार सरकायलाय. पंखा स्वल्प फिरवू काय?"

"फिरव गं. घरचा फॅन समज."

आणि मी 'टक्' असा आवाज ऐकला.

पंखा हातानं हळू फिरवला की मॅग्नेटोमधली स्प्रिंग सुटते, तिचा हा आवाज. ठिणगी पडायच्या क्षणी येतो. आमच्या धंद्यातला माणूस तो झोपेतही ओळखेल. आवाज इंजिनातून आला… आणि दोन्ही मॅग्नेटो माझ्यासमोर होते, कपाळी कुंकू लावलेले.

मी "वैशू" म्हणून ओरडलो. त्याच वेळी पंखा फिरला. फुरर्र करून दोन-तीन फेरे, इंजिन चालतं त्याच दिशेनं, आणि थांबला. हाराची फुलं हँगरभर उडाली. समईची ज्योत मात्र हललीसुद्धा नाही.

मी धावलो. वैशाली पंख्यापासून चांगली सात-आठ फूट मागे जमिनीवर बसली होती, डोळे गच्च मिटून, खांदा धरून. हात शाबूत होते. मी ते दोन्ही हात चाचपून बघितले आणि रडलो.

डोळे उघडून ती म्हणाली, "किती जोरात ओढलात काका. खांदा निखळला असता."

माझ्या उजव्या हातात अजून काडेपेटी होती.

नंतर सगळं तपासलं. प्लग ट्रेमध्ये, कॉक बंद, इंजिन दोन दिवसांचं थंड. प्लग काढल्यावर कॉम्प्रेशन नसतं, आत हवा दाबलीच जात नाही, त्यामुळे पंखा उसळी मारण्याचा प्रश्नच नाही. वारा म्हणाल तर ज्योतीचं सांगितलंच. पुढे टायमिंग लावलं, इंजिन शहाण्यासारखं चाललं. तरी विमान उडायला योग्य आहे अशी सही मी केली नाही. क्रँकशाफ्टची शंका आहे असं सांगून इंजिन उघडायला पाठवलं. काहीही सापडलं नाही. वैशालीनं सोलो दुसऱ्या विमानावर केलं.

आता ती मोठी विमानं चालवते. आयुधपूजेला तिचा फोन येतो, आणि काकांनी ओढलं म्हणून हात राहिले असं ती दर वेळी म्हणते. मी नुसतं हूं म्हणतो. पंखा फिरला तेव्हा मी टेबलापासून हललोच नव्हतो, हे तिला कधी सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

पंखा फिरवणारं आणि तिला मागे ओढणारं, ही दोन वेगळी होती की एकच, हे मला अजून कळलेलं नाही. दोन असतील तर एकाचे आभार मानता येतील. एकच असेल, तर त्याला नक्की काय हवं होतं… याचा विचार मी करत नाही.