केंद्राच्या अंगणात बसवलेली मेंढरं

परतूर तालुक्यातल्या हाटकरवस्तीचा लसीला विरोध आहे, हे सरकारदरबारी केव्हाच ठरलं होतं. विरोध करणाऱ्यांना तेवढं ते ठाऊक नव्हतं. लसीकरण व्हायचं ओढ्यापलीकडच्या गावात, आरोग्य केंद्रावर, भर दुपारी. त्या वेळी वस्तीवरची बायामाणसं मेंढरांमागं पार वाटूरच्या शिवारात, आणि लेकरं त्यांच्या पाठीला. मग या अडाण्यांना शहाणं करायला केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी वस्तीवर पथनाट्य पाठवलं. तेही भर दुपारीच. म्हातारा कचरू आणि दोन कुत्री, एवढ्यांना लसीचं महत्त्व पुरेपूर पटलं.

चतुराबाईला ते आधीच पटलेलं होतं. तिची थोरली लेक, दैवशाला, लहानपणीच गोवरानं गेली. तेव्हा लस निघाली नव्हती असं नाही. लस गावात होती आणि दैवशाला वस्तीवर. यंदा शेजारच्या तांड्यावर गोवर उठला, तशी म्हातारीची झोप उडाली. नात प्रांजली वर्षाची होत आली होती आणि तिला अजून टोचलेलं नव्हतं.

एक दिवस मेंढरं सुनेवर सोपवून, नात कडेवर घेऊन तिनं केंद्र गाठलं. डॉक्टरसाहेब फार कनवाळू. बाटली फोडली की उरलेली लस वाया जाते, तेव्हा एका लेकरासाठी फोडता येत नाही, दहा जमवून आणा, असं त्यांनी प्रेमानं समजावलं. मग मेंढरं सुटायच्या आत, उजाडताना वस्तीवर या, असं ती म्हणाली, तर त्यांना हसू आलं. मेंढरांना टोचायला जनावरांचा डॉक्टर त्याच वेळेला मेंढवाड्यावर येतो, हेही तिनं सांगून पाहिलं. साहेबांच्या मते ते खातं वेगळं होतं.

चतुराबाई घरोघर फिरली. लेकरांना टोचायला कोणाचीच ना नव्हती, पण तेवढा वेळ मेंढरं कुठं ठेवायची, हा वस्तीवरच्या सर्जेरावचा सवाल बिनतोड होता. त्या सवालातच तिला तोड सापडली. आपल्याकडं शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, वर धान्यही देतात. पुढच्या लसीकरणाला अख्खी वस्ती लेकरांसकट, मेंढरांसकट ओढा उतरून आली आणि चतुराबाईनं सगळा कळप केंद्राच्या अंगणात बसवला. बिलकुल फुकट.

पाहुण्यांच्या हस्ते लावलेल्या रोपांची मेंढरांनी आधी पाहणी केली, मग व्हरांड्याची. साहेब धावत बाहेर आले. लेकरं आणा म्हटलं होतं, ही मेंढरं कशाला, असं त्यांनी विचारलं.

"नुसती लेकरं आणली असती, तर उद्या या म्हणले असते," चतुराबाई म्हणाली. "आता बघा, साहेब, तुम्हीच जल्दी करून राह्यले."

बाटल्या भराभर फुटल्या. पुढच्या खेपेपासून नर्सबाई उजाडतानाच मेंढवाड्यावर येऊ लागल्या, आणि पथनाट्याचा चांगला परिणाम झाला, असा अहवाल वर गेला. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी प्रांजलीला सुई लागली आणि तिनं केंद्र डोक्यावर घेतलं. नर्सबाई तिला गप्प करायला धडपडू लागल्या. चतुराबाईनं डोळ्याला पदर लावला होता.

"रडू द्या, बाई," ती म्हणाली. "माझी दैवशाला शेवटी शेवटी रडत बी न्हवती."